पुढे पाठवलेला रुग्ण

विदर्भातल्या एखाद्या खेड्यात 'त्याला रेफर केलं' असे कोणी सांगितले की ऐकणारा लगेच विचारतो, "कुठं? यवतमाळले की नागपूरले?" शब्द मूळचा इंग्रजी, पण आता तो बोलीचाच झाला आहे. आरोग्य खात्याच्या कागदावर यालाच 'संदर्भ सेवा' म्हणतात. तातडीच्या रुग्णाला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवणे ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. इतिहास आहे, आणि त्यात रसायनशास्त्र, भूगोल व नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

आपण २०१७ सालच्या पावसाळ्यापासून सुरुवात करू. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती आणि किडीचा जोरही मोठा होता. पाठीवर पंप घेऊन अशा उंच पिकात फवारणी करायची म्हणजे फवारा तोंडावर, छातीवर, मानेवर येणारच. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात येत राहिले. शेकडो लोकांवर उपचार करावे लागले, आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. पुढे चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका चालली. हे सारे वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचलेले आहे. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते या रुग्णांच्या प्रवासाकडे. गावातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, तिथून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि काहींच्या बाबतीत तिथूनही पुढे नागपूर. प्रत्येक टप्प्यावर गाडी बदलते, डॉक्टर बदलतो, आणि घड्याळ मात्र तेच चालू असते.

हे घड्याळ नेमके कशाचे, हे समजायला थोडे रसायनशास्त्र हवे.

आपल्या चेतातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य सुटते आणि ते पुढच्या पेशीला निरोप देते. निरोप पोचला की ते द्रव्य लगेच मोडले पाहिजे, नाहीतर तोच निरोप पुन्हा पुन्हा दिला जाईल. हे मोडण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर करते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमकी या विकराला जाऊन चिकटतात. कीड त्यामुळेच मरते, आणि माणसाचे विकरही त्याच जातीचे असल्याने माणसालाही बाधा होते. तोंडाला लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसात स्राव साचतो, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास घेणारे स्नायूच थकतात. या कुळातली द्रव्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ १९३०च्या दशकात कीटकनाशके म्हणूनच शोधत होता. त्यातली काही इतकी जहाल निघाली की लष्कराने ती युद्धासाठी ताब्यात घेतली. कपाशीवरची फवारणी आणि युद्धातला विषारी वायू यांचे असे चुलत नाते आहे.

यावर पहिले औषध म्हणजे ॲट्रोपिन. हे बेलाडोना या वनस्पतीतून एकोणिसाव्या शतकात वेगळे केले गेले. आपल्या बांधावर उगवणाऱ्या धोत्र्यातही याच गटातली द्रव्ये असतात, म्हणूनच धोत्रा खाल्लेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते आणि बाहुल्या मोठ्या होतात. लक्षणे अगदी उलटी! एका विषाचे औषध दुसऱ्या विषात सापडावे याचा हा नमुना वर्गात सांगण्यासारखा आहे. (सांगताना एवढी खबरदारी घ्यावी, की धोत्रा हा घरगुती उतारा मुळीच नव्हे. त्यातल्या द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि तो जिवावर बेतू शकतो.) ॲट्रोपिनने स्राव थांबतात, पण विकराला चिकटलेले विष तसेच राहते. ते सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे औषध अमेरिकेत आयर्विन विल्सन यांच्या कामातून १९५०च्या दशकात पुढे आले. मात्र त्याला एक अट आहे. विष चिकटल्यावर काही काळाने त्या जोडणीत आणखी एक रासायनिक बदल होतो आणि मग ती सुटतच नाही. काही कीटकनाशकांच्या बाबतीत हा बदल अवघ्या काही तासांत होतो, तर काहींच्या बाबतीत एका दिवसाहूनही अधिक वेळ मिळतो. आपण ज्याला घड्याळ म्हटले ते हे.

महाराष्ट्रातच, बारामतीच्या एका रुग्णालयात, डॉ. कीर्ती पवार व सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेला या औषधाचा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. लवकर पोचलेल्या रुग्णांना हे औषध शिरेतून सतत व मोठ्या मात्रेत देत राहिल्यास फायदा होतो, असे त्यात दिसले. श्रीलंकेतल्या २००९ सालच्या अभ्यासात मात्र असा फायदा आढळला नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एक गोष्ट मान्य आहे : ॲट्रोपिन आणि श्वासाला आधार या गोष्टी पहिल्या दवाखान्यातच सुरू व्हायला हव्यात, त्यासाठी नागपूरची वाट पाहायची नसते.

आता थोडे मागे जाऊ. जखमी माणसाला उपचाराकडे न्यायचे की उपचार त्याच्याकडे आणायचे, हा प्रश्न आधी रणांगणावर विचारला गेला. फ्रान्सच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक लारे याने १७९२च्या सुमारास पाहिले, की शुश्रूषेच्या गाड्या नियमाप्रमाणे लढाईपासून काही किलोमीटर मागे उभ्या असतात आणि जखमी लोक लढाई संपेपर्यंत जागीच पडून राहतात. त्याने दोन घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करून घेतल्या व त्या थेट आघाडीपर्यंत नेल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधी कोणाला उचलायचे हे हुद्द्यावर नव्हे, तर जखमेच्या गांभीर्यावर ठरेल, असा दंडक त्याने घातला. आज अपघात विभागात परिचारिका रुग्णांची जी प्रतवारी करतात तिचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे इंग्रजांच्या फौजेबरोबर डोलीवाले भोई असत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९-१९०० साली, गांधीजींनी तिथल्या हिंदी लोकांचे सुमारे अकराशे जणांचे शुश्रूषापथक उभारले होते. स्पिऑन कॉपच्या लढाईनंतर या लोकांनी जखमींना खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैलांची चाल केली. पुढे १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला आले. त्याच सेवाग्रामात १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात आज यवतमाळ जिल्ह्यातले कितीतरी रुग्ण जातात. अर्थात इतिहासातला हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही.

यवतमाळ जिल्हा आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले. याच सुमारास मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रूळमार्गाची आगगाडी, पुढे लोकांनी 'शकुंतला' म्हणून प्रेमाने ओळखलेली, सुरू झाली. ती बांधली कशासाठी? वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तिथून मुंबई बंदरापर्यंत नेण्यासाठी. कापसाची एक गाठ शेतातून जिनिंगला, जिनिंगहून स्टेशनला, स्टेशनहून बंदराला कशी जाईल, याची साखळी या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी तयार होती. माणूस मात्र बाजेवर किंवा बंडीत घालून नेला जात असे, आणि कुठे न्यायचा हे नेणाऱ्याच्या ऐपतीवर व ओळखीपाळखीवर ठरे. दवाखान्यांचीही साखळी असू शकते, ही कल्पना यायला अजून अवकाश होता.

ती कल्पना इंग्लंडमध्ये १९२० साली लॉर्ड डॉसन यांच्या अहवालात मांडली गेली : खाली प्राथमिक आरोग्य केंद्रे, त्यांच्यावर दुय्यम केंद्रे, आणि सर्वांत वर वैद्यकीय शिक्षण देणारी रुग्णालये. भारतात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ साली तीच रचना आपल्या परिस्थितीला लावली. भोर समितीचे दूर पल्ल्याचे स्वप्न आजही थक्क करणारे आहे. दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २५०० खाटांचे! प्रत्यक्षात १९५२पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडत गेली, ती फारच लहान प्रमाणावर. आज ठरलेले प्रमाण असे आहे, की सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे आणि आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. त्यावर ग्रामीण रुग्णालय, सामान्यतः ३० खाटांचे. मग पुसद, दारव्हा, पांढरकवडा यांसारख्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय. यवतमाळला वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली आले. त्याआधी महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे तर सेवाग्राम किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागे.

साखळीचा अर्थ असा, की खालच्या कडीने आपल्याला जमेल तेवढे करून रुग्ण वरच्या कडीकडे सोपवायचा. पण खालची कडी काहीच न करता रुग्ण पुढे ढकलू लागली तर? किंवा वरची कडी त्याला घेईनाच तर? हा दोष फक्त आपल्याकडे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८३च्या अखेरीस इतर रुग्णालयांतून आपल्याकडे पाठवल्या गेलेल्या ४६७ रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवली. त्यांतले ८७ टक्के केवळ पुरेसा विमा नाही म्हणून पाठवले गेले होते. पाठवण्याला लेखी संमती दिलेले होते अवघे ६ टक्के, आणि जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण पोचले तेव्हा अस्थिर अवस्थेत होते. हा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तिथे कायदा झाला : तातडीच्या रुग्णाला आधी तपासा, स्थिर करा, आणि पाठवायचाच असेल तर समोरच्या रुग्णालयाची संमती घेऊन, कागदपत्रांसह, योग्य गाडीतून पाठवा.

भारतात हे काम न्यायालयाकडून झाले. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. कोणा भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे सांगण्यात आले, की ही पोलिसांची केस आहे, ती आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच मेला. ही बातमी घेऊन परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल दिला, की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणे हे त्याचे पहिले काम. पोलिसांचे सोपस्कार त्यानंतर. म्हणजे यवतमाळला महाविद्यालय निघाले त्याच वर्षी हा निकाल लागला.

दुसरा खटला आम्हाला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर जुलै १९९२मध्ये आगगाडीतून पडला, डोक्याला मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून त्याला कलकत्त्याला पाठवले. तिथे एका मोठ्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण तपासणी झाली, पण खाट नव्हती. दुसरीकडे खाट नव्हती. तिसरीकडे त्या जातीच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. आणखी एके ठिकाणी स्कॅन झाले, दाखल करणे झाले नाही. असे करत शेवटी तो खाजगी रुग्णालयात दाखल झाला आणि सुमारे १७,००० रुपये खर्च करून बरा झाला. त्याच्या संघटनेने केलेल्या याचिकेवर ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली.

विशेष असे, की या प्रवासात बहुधा कोणीच खोटे बोलले नव्हते. खाट नाही म्हणणाऱ्याकडे खरोखरच खाट नसावी. उणीव होती ती वेगळीच : कोणत्या रुग्णालयात या क्षणी जागा आहे, हे सांगू शकणारा माणूस त्या शहरात कोणीच नव्हता, आणि म्हणून ते शोधण्याचे काम डोके फुटलेल्या रुग्णाने व त्याच्या सोबत्यांनी केले. न्यायालयाने नेमके हेच ओळखले. प्राथमिक केंद्रात रुग्ण स्थिर करण्याइतकी साधने ठेवा, जिल्हा व उपविभागाची रुग्णालये सुधारा, खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारा आणि सुसज्ज रुग्णवाहिका ठेवा, असे उपाय त्या निकालात सांगितलेले आहेत. निकालांमध्ये असे व्यवस्थेचे आराखडे क्वचितच वाचायला मिळतात.

दूरध्वनी आणि रुग्णवाहिका यांची सांगड घालणारी १०८ क्रमांकाची सेवा आधी आंध्र प्रदेशात २००५ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. आरंभी ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ अधिक साधनांनी सज्ज. प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा हे या राज्याच्या योजनेचे वैशिष्ट्य. गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२ क्रमांक वेगळा. खेड्यात काळी-पिवळी जीप शोधत फिरण्याचे दिवस यामुळे बरेच सरले, हे मान्य केले पाहिजे. पण गाडी वेगाने धावणे म्हणजेच चांगला उपचार, अशी एक समजूतही तिच्याबरोबर पसरली. 'सोनेरी तास' हा शब्द बाल्टिमोरचे शल्यविशारद ॲडम्स काउली यांनी रूढ केला. नेमक्या साठ मिनिटांना मात्र भक्कम शास्त्रीय आधार नाही. रक्तस्रावाला कधी त्याहून कमी वेळ असतो, तर विषबाधेत तास कोणता सोनेरी हे विषाच्या जातीवर ठरते. श्वासनलिकेत स्राव भरलेला रुग्ण ॲट्रोपिन न देता, प्राणवायू न लावता सत्तर किलोमीटर पळवला, तर गाडीच्या वेगाचा त्याला काय उपयोग?

आणखी एक गोष्ट रुग्णाबरोबर प्रवास करायला हवी, ती म्हणजे माहिती. आमच्यापैकी एकाने पाहिलेल्या एका चिठ्ठीवर नाव, वय आणि 'पुढील उपचारासाठी' एवढेच होते. कुठल्या दवाखान्याची होती ते सांगण्याचे कारण नाही, कारण तशा चिठ्ठ्या सगळीकडे मिळतील. विषबाधेच्या रुग्णाबरोबर अशी चिठ्ठी आली तर पुढच्या डॉक्टरला कळत नाही, की ॲट्रोपिन किती दिले, कधी दिले, आणि बाहुल्या मोठ्या दिसतात त्या औषधाने की आणखी कशाने. २०१७मध्ये अडचण याहूनही मोठी होती. पंपात बऱ्याचदा दोन-तीन औषधे एकत्र केलेली असत, आणि त्यांतली सगळीच फॉस्फरसयुक्त नव्हती. ज्यांच्यावर ॲट्रोपिनचा उतारा नाही अशीही कीटकनाशके बाजारात होती, आणि तिथे ॲट्रोपिन भरमसाट दिले तर अपायच. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजले तर यावर प्रकाश पडतो. ही तपासणी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात जागच्या जागी व्हायला हवी, हा मुद्दा त्या वर्षी प्रकर्षाने पुढे आला. तपासणी होवो न होवो, एक साधी गोष्ट घरचे लोकही करू शकतात : फवारलेल्या औषधाची बाटली किंवा पुडा, नीट बंद करून, रुग्णाबरोबर द्यायचा. त्यावर घटकद्रव्यांची नावे असतात आणि डॉक्टरसाठी उताऱ्याची माहितीही. शेतकरी पालकांच्या सभेत हे सांगायला शिक्षकाला दोन मिनिटे लागतील.

आता भूगोलाच्या तासाला करण्याजोगे एक काम. यवतमाळ जिल्ह्याचा, सोळा तालुके दाखवणारा नकाशा घ्यावा. यवतमाळ केंद्र धरून कंपासने वर्तुळे काढावीत. मग मुलांना विचारावे, की तुमच्या गावाहून खरोखर किती वेळ लागतो? रस्त्याने, पावसाळ्यात, रात्री. वर्तुळे लगेच वेडीवाकडी होतात. वणीहून यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ पडते. पाटणबोरीच्या माणसाला पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद जवळ आहे, पण ते दुसऱ्या राज्यात. उमरखेडची रेघ यवतमाळकडे न जाता नांदेडकडे वळते. जिल्ह्याची हद्द महसुलासाठी आखलेली आहे, रुग्णासाठी नाही, हे मुलांना सांगावे लागत नाही. नकाशावर ते दिसतेच. उमरखेडच्या त्या रेघेवर पैनगंगेचा पूल लागतो आणि मोठ्या पुरात तो रस्ता बंद होतो. मुलांची पेन्सिल तिथे थांबली, की दुसरा रस्ता कोणता आणि त्या रस्त्यावर पहिला दवाखाना कुठे लागतो, हे त्यांनाच शोधू द्यावे.